आजोबांची ७४ची येझदी: इंजिन जाम झालंय, ट्रॅक्टरला बांधून ओढू का?

आखाड्यावरचा (सेलू) | १० एप्रिल, रात्री ९.४०

राम राम मंडळी. दोन वर्षं नुसताच वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहायलोय. चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

सेलूपासून जवळच आमचा आखाडा (शेतातलं घर-गोठा) आहे. तिथल्या कडब्याच्या खोलीत आजोबांची येझदी मोटारसायकल होती. आहे हे सगळ्यांना ठाऊक, पण दिसत कुणालाच नव्हती. वर तुराट्या, फाटकी ताडपत्री, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी. परवा खोलीवरचे पत्रे बदलायचे निघाले म्हणून सगळं बाहेर काढलं, तर खालून ही निघाली. शेवटची चालली १९९७ साली. तेव्हा मी बालवाडीत होतो.

आजोबा पशुवैद्यकीय खात्यात होते, गावाकडच्या भाषेत ढोरांचे डॉक्टर. सेलू, जिंतूर, मानवत हा सगळा टापू त्यांनी हिच्यावर फिरून काढला. मागच्या कॅरियरला औषधाची पेटी बांधायची सुती दोरी अजून गाठीसकट तशीच आहे.

आता मुद्दा. किक जात नाही. जराही नाही. (ज्यांनी ही गाडी हाताळली नाही त्यांच्यासाठी: हिचा किकचा अन् गिअरचा दांडा एकच असतो. आत दाबून वर फिरवला की किक, परत आणला की गिअर.) दांड्यावर उभा राहिलो तरी ढिम्म. न्यूट्रलला चाकं फिरतात, गिअर टाकून ढकलली की मागचं चाक मातीत फरफटतं.

थोरले बंधू म्हणायलेत, ट्रॅक्टरला बांधू, दुसऱ्या गिअरला टाकू, पन्नास फूट ओढली की सुटतंय. आई म्हणते भंगारवाल्याला देऊन टाक. माझं मन दोन्हीला तयार नाही. काय करू?

दोन_सायलेन्सर (नांदेड) | १० एप्रिल, रात्री १०.०५

ट्रॅक्टर घरी ठेवा. बंधूंनाही.

लेथवाला_मामा (लातूर) | ११ एप्रिल, सकाळी ७.१५

भाचा, आधी किकवर उभं राहायचं बंद कर. जाम इंजिनावर अंगाचा भार टाकला की किकच्या दात्या उडतात, नाही तर आतली स्प्रिंग जाते. ट्रॅक्टरनं ओढलं तर त्याहून वाईट. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा, मधे अठ्ठावीस वर्षांचा गंज. जोर लावला की गंज सुटायच्या आधी पिस्टनला जोडलेला रॉड वाकतो.

प्लग काढ. सायकलच्या चाकाची एक तार घे, टोक घासून बोथट कर, अन् प्लगच्या भोकातून अलगद आत सोड. पिस्टनला टेकली की खूण करून माप सांग.

हे माप कशाला, तर टू-स्ट्रोकला व्हॉल्व्ह नसतात, सिलिंडरच्या भिंतीलाच दारं असतात. पिस्टन खाली अडकला असेल तर ती दारं उघडी असतात. मग तू वरून ओतलेलं तेल एका वाटेनं सायलेन्सरमध्ये अन् दुसऱ्या वाटेनं खाली क्रँकच्या (रॉडनं फिरणाऱ्या दांड्याच्या) खोलीत जातं, पिस्टनच्या कडेला थांबतच नाही. पिस्टन वर अडकला असेल तर वाटीत ठेवल्यासारखं तेल राहतं. वर असू दे अशी प्रार्थना कर.

बालाघाटचा_वारा (अंबाजोगाई) | ११ एप्रिल, सकाळी ११.३०

फोटो टाका ना. रंग मूळचा आहे का?

मूळ_हिंगोली (सध्या पुणे) | ११ एप्रिल, दुपारी २.१०

खरं सांगू का, घरी उचकटत बसू नका. इकडं रिस्टोर करून देणारे पुष्कळ आहेत. ट्रान्सपोर्टनं पाठवा, सहा महिन्यांत नवी कोरी होऊन येईल. वेळेलाही किंमत असते.

दोन_सायलेन्सर (नांदेड) | ११ एप्रिल, दुपारी २.२५

आली बघा पुण्याची हवा. भाऊ, नवी कोरी पाहिजे असती तर त्यांनी शोरूम गाठलं असतं.

आखाड्यावरचा (सेलू) | १४ एप्रिल, सायंकाळी ६.५०

मामा, तार साडेपाच सेंटिमीटर आत गेली. प्लगच्या आट्या अन् हेडचा (सिलिंडरवरच्या झाकणाचा) घुमट वजा केला तर पिस्टन वरून साधारण तीन सेंटिमीटर खाली आहे.

फोटो टाकतो. रंग लाल होता असं म्हणतात. आता मातीचा अन् त्याचा एकच आहे.

लेथवाला_मामा (लातूर) | १४ एप्रिल, रात्री ८.००

नशीबवान आहेस. हिचा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७५ मिलिमीटर, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६५. तीन सेंटिमीटरवर धुराची दारं पिस्टननं झाकलेलीच असतात. तेल टिकेल.

पॉवर स्टिअरिंगला टाकतात ते लाल ऑइल अन् ॲसिटोन, निम्मं-निम्मं. जवळ बिडी-काडी नको. ॲसिटोन मिळालं नाही तर डिझेल चालतं, वेळ जास्त लागतो. रोज सकाळी दोन चमचे टाक, वरून चिंधीचा बोळा. आठ दिवस काही करू नको. नवव्या दिवशी मागचं चाक टॉप गिअरला टाकून हातानं पुढं-मागं हलव. हातानं! हललं नाही तर परत आठ दिवस.

सोबत उष्णता. दुपारी उन्हात लाव, सिलिंडर चांगला तापू दे, संध्याकाळी सावलीत. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट पसरतं, दोघांचं रोजचं कमी-जास्त झालं की गंजाची पकड सुटते. परभणीच्या उन्हाचा असा तरी उपयोग करा.

गोदाकाठ (गंगाखेड) | १५ एप्रिल, सकाळी ९.२०

मामांचं ऐका. मी माझ्या जावा गाडीच्या वेळी दम धरला नाही, घाई केली. हेड काढून पिस्टनच्या डोक्यावर लोखंडी रॉड ठेवला अन् चार किलोचा घन. तिसऱ्या घावाला पिस्टनला सरळ भोक. पिस्टन तरीही जागचा हलला नाही.

त्याच गाडीत दुसरा पराक्रम: सायलेन्सरची काजळी काढायला कॉस्टिक सोडा केला होता. सोडा उरला, म्हटलं वाया कशाला घालवायचा, त्यात हेड बुडवलं. लोखंडाला कॉस्टिक काही करत नाही, ॲल्युमिनियम मात्र खातं. भांडं उकळल्यासारखं फसफसलं, अन् सकाळी हेडच्या पंख्या वाळवीनं खाल्ल्यासारख्या. कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. मीच ऐकलं नव्हतं.

जुनं_लोखंड (छत्रपती संभाजीनगर) | १५ एप्रिल, सकाळी १०.४५

१९७४ म्हणजे नावबदलाच्या लगेच नंतरची. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीनं १९७३पासून टाकीवर जावाऐवजी येझदी लिहायला सुरुवात केली. इंजिन तेच चेक बांधणीचं.

बालाघाटचा_वारा (अंबाजोगाई) | १५ एप्रिल, सकाळी ११.००

जावा रशियन ना?

जुनं_लोखंड (छत्रपती संभाजीनगर) | १५ एप्रिल, सकाळी ११.१२

नाही हो. झेकोस्लोव्हाकियाची. यानेचेक (Janeček) नावाच्या कारखानदारानं १९२९ साली वांडरर या जर्मन कंपनीची मोटारसायकल बनवायचे हक्क घेतले. त्याच्या नावातला जा अन् वांडररमधला वा. येझदी हे नाव इराणातल्या यझद शहरावरून, कारण म्हैसूरचे मालक इराणी घराण्याचे. कारखाना १९९६ला बंद पडला. तुमची गाडी त्यानंतर वर्षभरानं थांबली, म्हणजे कदाचित सुटा भाग मिळाला नसेल.

आखाड्यावरचा (सेलू) | १५ एप्रिल, दुपारी १२.४०

सुट्या भागाचं नाही. आजोबांचे गुडघे गेले. वडील स्कूटरवाले, त्यांना हा दांडा कधी जमलाच नाही.

आखाड्यावरचा (सेलू) | ६ मे, रात्री १०.१५

सुटलं!!

सविस्तर लिहितो, कारण बावीस दिवस माझ्याकडं सांगायला 'हललं नाही' एवढंच होतं.

पंधराव्या दिवसापर्यंत काहीच नाही. मग मामांना फोन केला, ते म्हणाले आता हेड काढ अन् वरून बघ. हेडचे नट सोडताना एक स्टड नटासोबतच वर आला, बाकी नीट. आतलं दृश्य: पिस्टनच्या डोक्यावर लाल तेलाचं तळं, अन् सिलिंडरच्या एका बाजूला, जिकडं गाडी भिंतीला टेकून कलली होती तिकडं, बोटभर रुंदीचा गंजाचा पट्टा. दुसरी बाजू चकचकीत. गाडी सरळ स्टँडवर उभी असती तर कदाचित जामच झाली नसती.

कार्बोरेटर काढला तर इनटेकच्या तोंडात कुंभारीण माशीचं घर. पक्कं मातीचं, चार खणांचं. स्क्रू ड्रायव्हरनं फोडलं तर आत वाळलेल्या कोळ्यांचा भुगा. म्हणजे बंधूंच्या म्हणण्याप्रमाणे ट्रॅक्टरनं ओढून ती चालू झाली असती, तर ही सगळी माती पहिल्याच दमात इंजिनाच्या पोटात.

गावातल्या सुताराकडून बाभळीचा गोल ठोकळा करून घेतला, ६५ला जरा कमी, साठ मिलिमीटर. पिस्टनवर ठेवला अन् रबरी हातोड्यानं टकटक. मारायचं नाही, दार वाजवायचं. बंधू मागचं चाक हलवत होते. तीन दिवस रोज अर्धा तास. आज दुपारी चार वाजता ठोकळ्याचा आवाज बदलला. आधी 'टक' यायचा, आज 'ठप' आला. खाली वाकून बघितलं तर पिस्टनच्या वर गंजाची एक बारीक रेघ नवी दिसली, केसाएवढी. तेवढाच हलला होता. आणखी तेल टाकलं, चहा घेतला, परत बसलो. सहा वाजता चाक पूर्ण फिरलं.

बंधूंनी ट्रॅक्टरचा विषय आज काढला नाही.

दोन_सायलेन्सर (नांदेड) | ६ मे, रात्री १०.२०

जिंकलास लेका!

लेथवाला_मामा (लातूर) | ७ मे, सकाळी ६.५५

शाब्बास. आता उत्साहात प्लग लावून किक मारशील, म्हणून आधीच सांगतो: मारू नको. सुटणं म्हणजे दुरुस्त होणं नाही.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँकची खोली म्हणजे पंप असतो. पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी तिथं येतं, पिस्टन खाली येताना ते दाबलं जाऊन वर जातं. ती खोली हवाबंद पाहिजे, अन् ते काम क्रँकच्या दोन टोकांवरच्या ऑइल सीलचं, म्हणजे रबरी कड्यांचं. इतक्या वर्षांत ती सीलं वाळून बांगडीसारखी कडक झालेली असणार. उजवीकडचं, डायनामोकडचं गळालं तर इंजिन तिथून कोरडी हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं, गाडी तापते अन् नवा पिस्टन आठ दिवसांत परत जाम. डावीकडचं, क्लचकडचं गळालं तर गिअरचं तेल ओढतं, अन् मागं पांढऱ्या धुराचा ढग.

शिवाय बेअरिंग. कललेल्या गाडीत पाणी कुठं साचलं ते कळायला इंजिन पूर्ण उघडावं लागेल. इंजिनाच्या केसचे (बाहेरच्या कवचाचे) दोन अर्धे वेगळे करताना मधे स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचं नाही. जोडाच्या पृष्ठभागाला एक खाच पडली की कितीही पॅकिंग लावा, हवा धरणार नाही.

आरटीओची_वारी (परभणी) | ७ मे, सकाळी १०.३०

माझं एक मधेच. केस उघडताय तर इंजिन नंबर आरसीशी ताडून बघा, गाडी पुन्हा बांधायच्या आधी. अन् काहीही झालं तरी केस बदलू नका. तडा असेल तर वेल्डिंग करून घ्या. बाजारात दुसऱ्या इंजिनाची केस स्वस्तात मिळते, पण नंबर तिच्यावरच कोरलेला असतो, मग आयुष्यभर खुलासे देत बसा.

आजोबा हयात नसतील तर आधी वारसाच्या नावावर करून घ्या, फॉर्म ३१. नोंदणीच्या नूतनीकरणाला फॉर्म २५.

बालाघाटचा_वारा (अंबाजोगाई) | ७ मे, सकाळी ११.१५

पन्नास वर्षं झाली की व्हिंटेज नंबर मिळतो ना? तो घ्या, लय भारी दिसतो.

आरटीओची_वारी (परभणी) | ७ मे, सकाळी ११.४०

मिळतो. जुलै २०२१च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं होऊन गेलेल्या, मुळात फार फेरफार न केलेल्या गाडीला व्हीए अक्षरांचा नंबर. नव्या नोंदणीला २० हजार, पुनर्नोंदणीला ५ हजार, मुदत १० वर्षं. पण ती गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन, दुरुस्ती, एवढंच. यांना सेलूच्या बाजारातून भाजी आणायची असेल तर जुनाच नंबर बरा.

आखाड्यावरचा (सेलू) | १९ मे, रात्री ९.००

इंजिन उघडलं. माझ्याच्यानं एकट्यानं झालं नसतं. आमच्याकडं स्टेशन रोडला एक म्हातारे मिस्त्री आहेत, सगळे चाचा म्हणतात. दुकान कधीच बंद केलं, पण गाडीचं नाव ऐकून आखाड्यावर आले. आल्या आल्या म्हणाले, "डाक्टरसाब की गाडी है. मैंने इसका क्लच भरा था." क्लचचं कव्हर काढल्यावर बुचाच्या पट्ट्या हातात घेऊन बघितल्या अन् म्हणाले, "ये मेरेच हाथ के हैं."

मामा म्हणाले होते तेच निघालं. क्रँकच्या खोलीत कधी तरी पाणी साचून आटलेलं. विहिरीच्या काठाला असते तशी तांबडी रेघ आतून गोल. त्या रेघेखालचं एक बेअरिंग भाजक्या शेंगदाण्यासारखं वाजतंय. रॉड हातानं वर-खाली केला तर स्पष्ट ठकठक. सिलिंडरचा पट्टा नखाला लागतो.

इंजिन नंबर जुळला. केसला तडा नाही.

आता पेरणी तोंडावर आहे. महिना-दीड महिना मी गायब. सगळे भाग रॉकेलनं धुऊन, ऑइल लावून, चिठ्ठ्या बांधून डब्यात ठेवलेत.

मूळ_हिंगोली (सध्या पुणे) | १९ मे, रात्री ९.३०

चिठ्ठ्या बांधल्या हे वाचून बरं वाटलं. मी मागं डब्यात नुसते टाकले होते. आजही चार नट कुठले ते माहीत नाही.

(पाठवा म्हणालो होतो ते मागे घेतो.)

आखाड्यावरचा (सेलू) | १३ जुलै, रात्री ८.२०

पेरणी झाली, मधे पावसानं ओढ दिली, दुबार करावं लागतंय का या धास्तीत पंधरा दिवस गेले. आता बरं आहे. गाडीकडं वळलोय.

क्रँक घेऊन मामांकडं लातूरला जाऊन आलो. सेलूहून रेल्वेनं परभणी, तिथून एसटी. क्रँक बारदान्यात गुंडाळून मांडीवर. कंडक्टरनं विचारलं, "काय आहे यात?" म्हटलं, येझदीचा क्रँक. त्यानं तिकीट फाडायचं सोडून बारदान उघडायला लावलं, बोटानं रॉड हलवून बघितला अन् म्हणाला, "गेलाय हो हा."

लेथवाला_मामा (लातूर) | १३ जुलै, रात्री ९.१०

कंडक्टर बरोबर बोलला. पोरगा उपाशी आला होता, आधी जेवू घातला.

बाकीच्यांच्या उपयोगाला लिहून ठेवतो. हिचा क्रँक दाबून बसवलेला असतो: दोन चाकं, मधे पिन, पिनवर रोलर अन् रॉड. प्रेसवर उघडून नवं रॉड-किट टाकलं. खरं काम त्यानंतर. दोन्ही बाजूंचे शाफ्ट एका सरळ रेषेत पाहिजेत. लेथवर दोन सेंटरच्या मधे धरायचा, डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं माप) लावायचं, हातानं फिरवायचं. पहिल्यांदा काटा वीस शतांश मिलिमीटर हलत होता. तांब्याच्या हातोड्यानं एक टोला, परत बघ, परत टोला. दोन शतांशांवर आणला तेव्हा संध्याकाळ झाली. काही ठिकाणी हे न करता नुसता दाबून देतात. गाडी चालते, पण साठच्या वर हँडलला झिणझिण्या येतात अन् बेअरिंग लवकर जातात. गिऱ्हाईक म्हणतं येझदीला कंप असतोच.

सिलिंडर: पट्टा खोल होता, पहिल्या वाढीव मापात, म्हणजे ०.२५ मिलिमीटरमध्ये निघाला नाही. ०.५०ला साफ झाला. पिस्टन आधी आणायला लावला होता, कारण बोअर डब्यावरच्या आकड्यावर नाही, हातातल्या पिस्टनच्या मापावर करायचा असतो. बोअर झाल्यावर दारांच्या कडा हलक्या हातानं मोडून घेतल्या. धारदार राहिल्या तर रिंगा तिथंच अडकून तुटतात.

अन् भाचा, तीन गोष्टी परत सांगतो. पिस्टनवरचा बाण धुराच्या बाजूला. रिंगांची तोंडं खाचेतल्या पिनेवरच बसली पाहिजेत. अन् सील बसवून क्रँक आत सरकवताना शाफ्टच्या चावीच्या खाचेवर टेप गुंडाळायची, दोन्ही बाजूंना. नाही तर खाचेची धार सीलचा ओठ कापते अन् कळतसुद्धा नाही.

आखाड्यावरचा (सेलू) | २४ ऑगस्ट, रात्री ११.३०

इंजिन बंद झालं. म्हणजे बांधून झालं!

बेअरिंग बसवायची रीत चाचांनी दाखवली. बेअरिंग आदल्या रात्री फ्रीझरमध्ये, केस गरम. थंडीनं बेअरिंग आकसतं, उष्णतेनं केसचं भोक पसरतं, नुसतं सोडलं की 'टुक' करून बसतं, हातोडा लागत नाही. आमच्या फ्रीझरमध्ये आईनं उन्हाळ्यातला आमरस साठवलेला. सकाळी ओरडली, "रसाच्या डब्यावर ही लोखंडं कुणी ठेवली?" केस तापवायला तवा मागितला तर भाकरीचा तवा देणार नाही म्हणाली. आठवडी बाजारातून जुना तवा आणला. केसवर पाण्याचा थेंब टाकला की चर्र करून नाचला पाहिजे, एवढंच चाचांचं थर्मामीटर.

दोन बेअरिंगं बसली. उजवीकडचं सील बसलं, अन् लाइट गेली. बाकीचं मोबाइलच्या उजेडात केलं. केस थंड व्हायच्या आत क्रँक टाकायचा होता, थांबता येईना.

कार्बोरेटर: जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची पितळी तोंडं) थिनरमध्ये रात्रभर, मग बैलाच्या शेपटीच्या केसानं साफ केले. तार घालायची नाही, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी सर्जाचा एक केस उपटला, त्यानं लाथ मारली नाही हे उपकार.

पॉइंटची (उघडला की ठिणगी पाडणाऱ्या स्विचची) फट ०.४ मिलिमीटर. टायमिंगला चाचांची युक्ती: सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटच्या मधे धरायचा, क्रँक हळू फिरवायचा. कागद सैल होऊन सुटला, तो ठिणगीचा क्षण. त्या वेळी पिस्टन वरच्या टोकाच्या किती खाली आहे ते व्हर्नियरनं मोजायचं अन् पुस्तकातल्या मापाशी जुळवायचं. पाच-सहा वेळा करावं लागलं.

आता सहा व्होल्टची बॅटरी आली की झालं. पेट्रोलमध्ये ऑइल किती?

दोन_सायलेन्सर (नांदेड) | २५ ऑगस्ट, सकाळी ८.००

लिटरला ४० मिली.

गोदाकाठ (गंगाखेड) | २५ ऑगस्ट, सकाळी ८.३५

आताची टू-टी ऑइलं चांगली आहेत, ३० पुरे. ४०नं नुसता धूर अन् प्लग काळा.

दोन_सायलेन्सर (नांदेड) | २५ ऑगस्ट, सकाळी ८.४०

नव्या बोअरला ३०? ज्यानं हेड कॉस्टिकमध्ये बुडवलं त्याचं ऐकायचं का?

लेथवाला_मामा (लातूर) | २५ ऑगस्ट, सकाळी ९.३०

भांडू नका. पहिले हजार किलोमीटर ४०, म्हणजे एकास पंचवीस. पुढं ३०वर आला तरी हरकत नाही. पण भीतीपोटी ६०-७० टाकू नको. ऑइल वाढलं तेवढं पेट्रोल कमी झालं, म्हणजे मिश्रण उलट पातळ झालं. पूर्वी पंपावर मिसळलेलंच मिळायचं, तो प्रश्नच नव्हता. आता डब्यात मोजून, हलवून, मग टाकीत.

दुसरं, आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं अन् जुनं रबर फुगवतं. पाइप अन् पेट्रोलच्या कॉकचे रबर नवे टाक. गाडी आठ दिवसांहून जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालू ठेव. कॉक उघडा ठेवून पोळा करायला गेलास तर परत कुंभारीण.

आखाड्यावरचा (सेलू) | १४ सप्टेंबर, रात्री ९.५५

चालू झाली.

चौदाव्या किकला. पहिल्या तेराला फक्त फुस्स. चाचांनी प्लग काढून हेडला टेकवला, ठिणगी पिवळी. कंडेन्सर जुनाच ठेवला होता मी, एवढा एकच भाग 'चालतोय की' म्हणून. नवा लावला, ठिणगी निळी, पहिल्याच किकला भडकली. दोन्ही सायलेन्सरमधून एवढा धूर की शेजारच्या आखाड्यावरून माणूस धावत आला, त्याला वाटलं कडबा पेटला.

आई ओट्यावर उभी होती. काही बोलली नाही, आत गेली अन् आजोबांचा गॉगल घेऊन आली.

बुधवारी १७ सप्टेंबर. मुक्तिसंग्रामाच्या झेंडावंदनाला आजोबा हिच्यावरच जायचे. जाऊन येतो.

बालाघाटचा_वारा (अंबाजोगाई) | १७ सप्टेंबर, सकाळी ११.०५

झालं का झेंडावंदन? व्हिडिओ टाका. आवाज ऐकायचाय.

आखाड्यावरचा (सेलू) | १७ सप्टेंबर, दुपारी १.३०

गेलो अन् आलोसुद्धा. व्हिडिओ टाकलाय. शाळेबाहेर चार म्हातारे गाडीभोवती जमले. एकानं टाकीवर हात ठेवून विचारलं, "म्हशीला इंजेक्शन द्यायला कधी येताय?"

आखाड्यावरचा (सेलू) | २४ सप्टेंबर, रात्री ८.४०

मामा, एक शंका. दीडशे किलोमीटर झाले. ऑइल मोजूनच टाकतोय, ४०. तरी पांढरा धूर कमी व्हायचं नाव नाही. पहिले दोन दिवस म्हटलं सायलेन्सरमधलं जुनं तेल जळत असेल. पण आज गिअरच्या तेलाची पातळी बघितली, खाली गेली आहे. इंजिनाखाली फरशीवर एक थेंब नाही. धुराला वासही वेगळाच, जळक्या तेलाचा.

लेथवाला_मामा (लातूर) | २४ सप्टेंबर, रात्री ९.०५

डावं सील. क्लचकडचं. तेल बाहेर पडत नाही म्हणजे इंजिन पितंय.

शाफ्टला टेप गुंडाळली होती का?

आखाड्यावरचा (सेलू) | २४ सप्टेंबर, रात्री ९.१२

उजवीकडं गुंडाळली होती.

डावीकडच्या वेळी लाइट गेली होती.

दोन_सायलेन्सर (नांदेड) | २४ सप्टेंबर, रात्री ९.१४

अरे देवा.

लेथवाला_मामा (लातूर) | २४ सप्टेंबर, रात्री ९.२०

होतं असं. चालवू नको आता. आधी कव्हर अन् क्लच काढ, फोटो पाठव, मग किती आत जावं लागतंय ते ठरवू. सील दोन मागव. अन् दिवसा कर.

आखाड्यावरचा (सेलू) | २४ सप्टेंबर, रात्री ९.२६

रविवारी सकाळी बसतो. चाचांना आत्ताच फोन केला. ते म्हणाले, "मैं तो उसी दिन बोला था, लाइट आने दे."